जीपगाडी : आमच्या मुलखातील एका वाहनाचा पूर्ववृत्तान्त

बोईसरहून तारापूरच्या बाजूस एका ज्ञातिबंधूंची वाडी आहे. तेथे कौलारू पडवीखाली एक जीपगाडी उभी आहे. ती 1964 साली नोंदलेली, पेट्रोलवर चालणारी व डाव्या हाताच्या सुकाणूची आहे. मागील फळीवर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' ही रंगविलेली अक्षरे अद्याप वाचता येतात. गृहस्थ आता पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत व मुले परगावी स्थायिक झाली आहेत. म्हणून त्यांनी ही गाडी विकावयास काढली आहे. तत्पूर्वी तिचा वृत्तान्त स्मरणिकेत यावा, अशी त्यांनी मंडळास विनंती केली. स्मरणिका ही बाजाराची पेठ नव्हे, असा आक्षेप काही सभासदांनी घेतला, आणि तो रास्तच आहे. तथापि ह्या जातीच्या गाडीचा इतिहास आपल्या मुलखाच्या इतिहासात इतका मिसळलेला आहे की तो लिहून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटले.

जीपचा जन्म युद्धातला. 1940 साली अमेरिकेच्या लष्कराने हलक्या, चारही चाकांस ओढ असणाऱ्या गाडीची मागणी केली. पहिला नमुना बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने करून दिला. मोठे काम मात्र विलीज व फोर्ड ह्या थोरल्या कारखान्यांस मिळाले. कर्तबगारी एकाची व लाभ दुसऱ्याचा, हा प्रकार तिकडेही आहेच म्हणावयाचा! महायुद्ध संपेपर्यंत ह्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्धानंतर त्याच घडणीची गाडी विलीज कंपनीने शेतकऱ्यांकरिता बाजारात आणली.

ती आपल्याकडे आली मुंबईच्या माझगावमार्गे. जगदीशचंद्र व कैलासचंद्र महिंद्र हे बंधू आणि मलिक गुलाम महंमद ह्यांनी 1945 साली 'महिंद्र अँड महंमद' ही पोलादाच्या व्यापाराची पेढी काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे अर्थमंत्री व पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 साली पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' असे बदलले. तिने विलीजचे सुटे भाग आणवून माझगाव येथे जीप जोडण्यास आरंभ केला, आणि कालांतराने ते भाग येथेच घडू लागले. आमच्या ज्ञातिबंधूंची गाडी ह्याच वंशातली. तिचे बॉनेट युद्धातल्या जीपपेक्षा उंच दिसते, त्याचे कारण शोभेचे नाही. 1953 पासूनच्या ह्या नमुन्यात इंजिनाच्या आत येणाऱ्या हवेच्या झडपा माथ्यावर नेल्या, त्यामुळे इंजिन उंच झाले व त्यावरचे झाकणही उचलावे लागले.

आता आपल्या मुलखाकडे वळू. पालघर हा स्वतंत्र जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. तत्पूर्वी हा सारा भाग ठाणे जिल्ह्यात होता. रेल्वेच्या पश्चिमेस खाजण, वाळू व बागायती, तर पूर्वेस जव्हार-मोखाड्याचा डोंगर. आगगाडीतून उतरलेल्या मनुष्यास पुढे बैलगाडी किंवा स्वतःचे पाय हेच वाहन असे, आणि पावसाळ्यात भातखाचरांच्या चिखलात बैलगाडीही रुतून बसे. 2 ऑक्टोबर 1952 रोजी देशात समूहविकास योजनेस आरंभ झाला, 1953 साली हिवतापनियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम निघाली, आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. ह्या साऱ्यांचे वाहन जीप. सरकार म्हणजे फौजदार व तलाठी एवढेच जाणणाऱ्या पाड्यावर डॉक्टर किंवा शेतकीचा अधिकारी प्रथम येऊन पोचला तो बहुधा जीपमधून. विकासाची जीप सभापतींच्या घरच्या लग्नातच अधिक धावते, अशी थट्टाही तेव्हापासूनची, व ती अगदीच निराधार नव्हती! पुढे तारापूरला अणुविद्युत केंद्राची उभारणी झाली व 1969 साली तेथे वीज निघू लागली. त्या धामधुमीतल्या जीपगाड्यांची धूळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात वारंवार येत असे.

प्रस्तुत गाडी गृहस्थांच्या तीर्थरूपांनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली. तिने चिकूच्या करंड्या वाहिल्या, अडलेल्या बाळंतिणींस रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचविले, आणि आमच्यापैकी काही जणांच्या वराती मिरविल्या. समुद्राची खारी हवा लोखंडाची वैरीण. आमच्या किनाऱ्यावर गाडी इंजिनाने मरत नाही, गंजाने मरते. म्हणून दर दिवाळीनंतर गाडीखाली निजून चॅसीवर लहान हातोडीने ठोकत जावयाचे, आवाज बद आला की ती जागा खरवडावयाची व तेलपाणी करावयाचे, हा त्या घरचा कुळाचारच होता. जीप टिकली ती ह्यामुळे. वरून रंग दिलेल्या चकचकीत गाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांच्या पोटाखाली हात घातला की गंजाची पापडी हातात येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पेट्रोल महागले तेव्हा जीपगाड्यांची मूळ इंजिने काढून डिझेलची बसविण्याची लाटच आली. आमच्या ज्ञातिबंधूंच्या तीर्थरूपांनी तसे केले नाही. त्याबद्दल नातलगांनी त्यांस हट्टी म्हटले, आणि खर्चाच्या हिशेबाने पाहता नातलगांचे चुकलेही नव्हते. परंतु 2021 साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या व चॅसी, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल न झालेल्या खाजगी वाहनास 'व्हीए' अक्षरांची निराळी पाटी मिळू शकते. अशी गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास किंवा धंद्यास ती चालत नाही. त्या हट्टाचे फळ असे दुसऱ्या पिढीस मिळाले.

गाडीस दोन गिऱ्हाइके आली आहेत. एक मुंबईचे गृहस्थ अधिक रक्कम देतात. त्यांस रुंद टायर व डिझेलचे इंजिन घालून ती डोंगरात फिरवावयाची आहे. दुसऱ्याची रक्कम बरीच कमी. तो गाडी आहे तशी ठेवीन म्हणतो. आमचे मत विचारले गेले, तेव्हा दुसऱ्यास द्यावी असे आम्ही सांगितले. पैसा आमच्या खिशातून जात नाही, हे ध्यानात ठेवूनच आमचे मत ऐकावे, असेही सांगितले. विकत घेणाऱ्याने चॅसीवर ठोकलेला क्रमांक व इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी स्वतः ताडून पाहावा. ह्या गाडीचे दोन्ही जुळतात, हे आम्ही कंदील घेऊन पाहिले आहे.

गृहस्थांनी अद्याप कोणासही शब्द दिलेला नाही. ज्ञातीतील कोणा कुटुंबास ती घ्यावयाची असल्यास मंडळाच्या चिटणिसांकडे विचारणा करावी. पावसाळ्याचे चार महिने मात्र गाडी पडवीबाहेर काढली जात नाही.