दिनविशेष : १५ जानेवारी – विठाबाई नारायणगावकर
१५ जानेवारी २००२. सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे निधन झाले. राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेल्या या कलावतीची अखेरच्या आजारपणात पैशांवाचून ओढाताण झाली.

त्यांचा एक प्रसंग सर्वश्रुत आहे. दिवस भरलेले असताना बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या रंगमंचावर, नाचता नाचता कळा सुरू झाल्या. आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. पोट उतरलेले पाहून प्रेक्षकच हबकले, खेळ थांबवा म्हणाले. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो; त्यात पोटाची लाचारी किती, हे कुणी विचारत नाही.

विठाबाई नाचत तशा गातही. समोर ढोलकी, सूर चुकला तर तिथल्या तिथे उघडा. आता यात्रांमधल्या कित्येक कार्यक्रमांत गाणे ध्वनिमुद्रित, फ्लेक्सवर चेहरा तेवढा मोठा. बीजिंग ऑलिंपिकच्या २००८च्या उद्घाटनात तर आवाज एका मुलीचा आणि ‘देखणा’ चेहरा दुसरीचा होता! तमाशाच्याच संगीतबारी या प्रकारात मात्र नाचणारीच्या मागे बसलेली वयस्क गायिका अजून स्वतःच्या गळ्याने गाते, आणि जाणकार फर्माईश तिलाच करतात.