मुक्तिबोधांचा तिसरा क्षण

हमीदिया रुग्णालयावरून आपण कितीदा तरी गेला असाल. १९६४ साली पक्षाघाताने आजारी असलेले गजानन माधव मुक्तिबोध याच रुग्णालयात होते. पुढे त्यांना दिल्लीस हलवले. ११ सप्टेंबरला तेथेच ते गेले. हिंदीचा हा मोठा कवी आपल्यासारख्याच, मध्य भारतात मुरलेल्या मराठी घरातला. जन्म १९१७ चा, श्योपूरचा, बी.ए. १९३८ साली इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. त्यांच्या एका कादंबरीचे नावच ‘क्षिप्रा’. एका घरात दोन भाषांचे लेखक झाले.

मुक्तिबोध १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवत. त्याच सुमारास जबलपूरच्या ‘वसुधा’ मासिकात त्यांचे डायरीवजा लेखन येई. ते पुढे ‘एक साहित्यिक की डायरी’ या पुस्तकात आले. त्यातला ‘तीसरा क्षण’ हा लेख महाविद्यालयात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती द्यावा असा आहे. मित्राशी चाललेल्या संवादातून त्यांनी निर्मितीचे तीन क्षण उलगडले आहेत. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या वेदनेपासून सुटा होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो. तिसरा क्षण शब्दांत उतरण्याचा, आणि खरी झुंज येथेच आहे. शब्द आपल्या एकट्याचे नसतात. समाजाने वापरून त्यांना अर्थ दिलेले असतात. ते आपल्या मनातले जसेच्या तसे उचलत नाहीत. काही गळते, काही नवे सापडते, आणि लिहून संपेतो मूळ विचारच पालटलेला असतो.

हे त्यांनी स्वतः भोगले होते. ‘अँधेरे में’ या दीर्घ कवितेवर ते १९५७ ते १९६२ अशी वर्षे काम करत राहिले. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. विचार करून लिहिण्याची किंमत पाठ्यपुस्तकाच्या लेखकालाही मोजावी लागते, हे त्यांना कळून चुकले.

आता आपल्या घरांकडे पाहा. आपली मुले निबंध लिहितात तो ठरावीक मुद्द्यांचा, वर दोन सुभाषितांचा. त्यात पहिला क्षण नसतो, मग तिसरा कोठून येणार? शिवाय मराठी आपल्याकडे बोलण्यापुरती उरली. पूर्वी इंदूर-ग्वाल्हेरच्या नातलगांना पत्र लिहिताना दोन ओळी खोडाव्या लागत, तेवढा तरी विचार घरच्या भाषेत होई. मुलांनी हिंदीत लिहावे की मराठीत, हा वाद मुक्तिबोध बंधूंनी केव्हाच निकाली काढला आहे. परंतु ज्या भाषेत आपण काही लिहून खोडत नाही, त्या भाषेत हळूहळू विचार करणेही थांबते.

म्हणून एक करा. यंदा मुलीचा निबंध हाती आला, तर गुण विचारू नका. लिहिता लिहिता तुझे मत कोठे बदलले, एवढेच विचारा. आणि तेवढे उत्तर तिला मराठीत लिहू द्या.