शेअरच्या बोनस, राइट्सची खबर नेमकी कुठे येते?

माझी एक राइट्स ऑफर हुकली, कारण डीमॅट खात्यात अजून कॉलेजचाच जुना ईमेल होता.

कंपनी आधी बीएसई-एनएसईला कळवते आणि रेकॉर्ड डेट ठरवते. त्या दिवशी एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या नोंदीत ज्यांची नावं असतात, त्यांना तिथल्याच ईमेलवर पत्र येतं. ब्रोकरच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन येईलच असं नाही.

बोनस आणि स्प्लिटचे शेअर आपोआप जमा होतात. राइट्स, म्हणजे जुन्या शेअरधारकांना नवे शेअर घ्यायचा हक्क, यात मात्र मुदतीत अर्ज करावा लागतो. तो हक्क वापरला नाही, विकलाही नाही, तर बाद होतो. 7 वर्षं न घेतलेला डिव्हिडंडही सरकारच्या आयईपीएफमध्ये जातो.

म्हणून आजच डीमॅटमधला ईमेल, मोबाइल आणि बँक खातं तपासून घ्या.