‘राजी’ : पुण्यात रचलेले एक आख्यान

बिबवेवाडीत बसून आम्ही पुण्याच्या वाङ्मयीन इतिहासाची चर्चा करतो, तेव्हा तीत कादंबऱ्या येतात, एकांकिका येतात. व्हिडिओ गेम येत नाही. ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ खेळल्यावर ही उणीव आम्हांस जाणवली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची ही निर्मिती. २०१७ साली किकस्टार्टरवरील लोकवर्गणी अपुरी पडली. तरी काम थांबले नाही. २०२० मध्ये गेम प्रसिद्ध झाला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमसाठीच्या पुरस्काराचे नामांकनही त्यास मिळाले.

असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधणारी राजी ही कसरती करणारी पोर. तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांतील संवादातून सांगतात; मधले प्रसंग छायाबाहुल्यांनी उभे राहतात. भिंतीवरील चित्रापाशी राजी थांबली की त्यातील पुराणकथा ऐकू येते. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून आख्यान लावतात, त्या रीतीची येथे आठवण होते.

लढाया पुढेपुढे एकसुरी होतात, खेळही काही तासांत संपतो. तरीही आख्यान शिकणाऱ्याने आणि शिकवणाऱ्याने तो एकदा खेळावाच. श्रोत्याच्या हाती कथेची पावले दिली की काय घडते, हे पुस्तकातून कळत नाही.