पाण्याची वाटी आणि मुंगीची वाट

जुन्या स्वयंपाकघरांत जाळीच्या कपाटाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या वाट्यांत उभे असत. दूध, तूप, गूळ, साखर ही घरातली गोड संपत्ती त्या कपाटात असे आणि पाण्याचा बोटभर खंदक तिचे मुंग्यांपासून रक्षण करी. मराठवाड्याच्या दुष्काळाचा इतिहास आपण पर्जन्यमानाच्या आकड्यांतून आणि स्थलांतराच्या हकिकतींतून वाचतो. या वाट्यांकडे सहसा लक्ष जात नाही. ते दिले तर एक अडचणीची गोष्ट हाती येते. मुंग्या घरात शिरतात त्या कोरड्या दिवसांत, आणि त्यांना अडवणारी ही युक्ती उभी आहे ती मात्र पाण्यावर.

या युक्तीची एक जुनी नोंद पुण्याची आहे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात सांख्यिकीचे काम पाहणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी हिंदुस्थानातील मुंग्यांवरील आपली निरीक्षणे १८३० च्या दशकात प्रसिद्ध केली. त्यांच्या पुण्याच्या घरी फळे आणि मुरांबे व्हरांड्यातील एका छोट्या मेजावर ठेवलेले असत. मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत होते आणि मेज भिंतीपासून इंचभर दूर होते. काही दिवसांनी मुंग्या ते पाणी ओलांडू लागल्या. तेव्हा पाण्याच्या वर, पायांभोवती टर्पेंटाइनचे वेढे काढण्यात आले. थोडे दिवस बरे गेले आणि पुन्हा मिठाईवर मुंग्या दिसू लागल्या. त्या येतात कोठून, हे एके दिवशी अवचित उलगडले. मुंग्या भिंतीवर चढत, मेजाच्या फूटभर वर जात आणि तेथून खाली अंग टाकून देत. पुढे जॉर्ज रोमेन्स यांनी प्राण्यांच्या बुद्धीवरील आपल्या १८८२ च्या ग्रंथात हा प्रसंग उद्धृत केला. साइक्स यांना मुंगीच्या चिकाटीचे नवल वाटले, ते योग्यच होते. परंतु त्यांच्या कथेत पाणी गृहीत धरलेले आहे. भांडी भरलेलीच असणार, प्रश्न फक्त मुंगीचा.

लातूर-नांदेडकडे हे गृहीत धरता येत नाही. येथील ग्रामीण भाषेने जमिनीची वाटणी 'काळी' आणि 'पांढरी' अशी केली आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढऱ्या मातीची माळवदे, भिंतीतली बळदे, अंगणातल्या कणग्या, आढ्याला टांगलेली शिंकी हे सगळे पांढरीचे वैभव. उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात, जमिनीतली ओल खोल जाते आणि मुंग्यांची रांग पांढरीत येते. ती येते माठाखालच्या ओल्या वाळूकडे, रांजणाच्या बुडाशी, मोरीच्या कडेला. साखर तिला सापडते ती बहुधा त्यानंतर. त्यावर गृहिणीचे उपाय ठरलेले होते : धान्यात राख नि कडुलिंबाचा पाला, उंबऱ्यावर हळद, भिंतीच्या भेगांत माती, जमिनीला सारवण. सारवणालाही पाणी लागे, आणि ते दुरून डोक्यावरून आणणारी बाईच असे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची जड घरे कोसळली आणि हजारो माणसे गेली. पुनर्वसनात सिमेंटची घरे उभी राहिली. माळवदाबरोबर बळदही गेले. मुंग्यांना मात्र सिमेंटच्या सांध्यांतून आणि नळाच्या कडेने वाट मिळालीच. उपाय आता बाजारातून येऊ लागले. त्याआधीच गॅमेक्सीनची भुकटी घरोघर पोचली होती. १९९७ साली भारतात तिच्यावर बंदी आली. आणखी एक उपाय म्हणजे लक्ष्मणरेखेचा खडू, पायरेथ्रॉइड वर्गातील विषाचा. नाव रामायणातले, पण वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा नाही. ती नंतरच्या परंपरेची भर आहे. आणि खुद्द वाल्मीकींचे नाव 'वल्मीक' म्हणजे वारुळावरून आलेले. ज्या कवीवर वारूळ वाढले, त्याच्या नायिकेची रेषा आपण वारूळवासीयांविरुद्ध ओढतो. भाषेचा इतिहास असा थट्टेखोर असतो.

ही थट्टा बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो. आपल्या परंपरेने या जिवांकडे केवळ उपद्रव म्हणून पाहिले होते काय? सहाव्या शतकातील वराहमिहिराची 'बृहत्संहिता' वारुळांवरून भूजलाचा शोध घ्यायला सांगते. वारूळ बांधते ती वाळवी, हे खरे. पण तोच ग्रंथ अंडी घेऊन निघालेल्या मुंग्यांना पावसाची खूण मानतो. आपल्या शेतकऱ्यांनाही ही खूण परिचित आहे. म्हणजे मुंगी ही पाण्याची वार्ता आणणारी होती. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डेबोरा गॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तेथील अर्जेंटिनी मुंग्यांचा आहे, पण त्याचा निष्कर्ष येथे आठवावा असा आहे. मुंग्यांचे घरात येणे-जाणे मुख्यतः हवामानावर अवलंबून दिसले. थंड-ओल्या आणि उष्ण-कोरड्या दिवसांत त्या आत येत आणि कीटकनाशकांचा फारसा परिणाम होत नसे.

२०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. लातुरात पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली गेली. १२ एप्रिलला मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरचा प्रवास करून पाण्याची पहिली रेल्वेगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. घागर मोजून मिळत असताना कपाटाच्या पायाखालच्या वाटीत पाणी ओतायचे कोणी? अशा दिवसांत विषाचा खडू स्वस्त वाटतो, आणि तो ओढणाऱ्या बाईला अज्ञानी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. तिने हिशेब केलेला असतो. तिच्या हिशेबाबाहेरचा हिशेब वेगळा आहे : याच कमी पावसाच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला. साखरेमागे मुंगी धावते असे आपण म्हणतो. येथे तर ती स्वयंपाकघरात ओलीसाठी आली होती.

घराच्या सीमेचे रक्षण पाण्याने करणारी संस्कृती पाणी संपल्यावर विषाकडे वळते. त्या रिकाम्या वाटीची नोंद दुष्काळाच्या इतिहासात व्हायला हवी. मुंग्यांनी ती आधीच घेतलेली असते.