फाइल डाउनलोडला ठेवताय? झिप, रार की सेव्हन-झेड, कोणती निवडायची ते बघा

तळवली : भूसंपादनाचे कागद, साडेबारा टक्के योजनेचा पत्रव्यवहार, जुने सातबारे, वारस नोंदी. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्त गावठाणांत हे कागद जपून ठेवलेले असतात. आता ते स्कॅन करून, एकत्र बांधून लिंकवर ठेवले जातात. पण बांधणी चुकली की ज्याला कागद हवा त्याच्याच फोनवर तो उघडत नाही, आणि अर्जाची मुदत काही थांबत नाही.

झिप : सगळ्यांसाठी
१९८९ मध्ये फिल कॅट्झ यांनी आणलेला हा प्रकार आजही सर्वात सोयीचा. विंडोज, आयफोन आणि बहुतेक अँड्रॉइड फोनवर वेगळे ॲप न घेता उघडतो. आधारची ऑफलाइन ई-केवायसीसुद्धा झिपमध्येच देण्याची पद्धत आहे. आत डिजिटल सहीची एक्सएमएल फाइल, आणि उघडायला आपणच ठरवलेला ४ अक्षरी शेअर कोड.

सेव्हन-झेड : मोठ्या साठ्यासाठी
इगोर पाव्हलोव्ह यांचे सेव्हन-झिप हे सॉफ्टवेअर १९९९ पासून मोफत मिळते. याद्या, तक्ते, मजकूर यांचा आकार झिपपेक्षा बराच कमी होतो. मात्र विंडोज ११ मध्ये सेव्हन-झेड आणि रार थेट उघडण्याची सोय २०२३ च्या शेवटी आली, विंडोज १० मध्ये ती नाही. म्हणून घरचा बॅकअप सेव्हन-झेडमध्ये ठेवा, गावाला मात्र झिपच द्या.

रार : शक्यतो टाळा
रार फाइल बनवायला विनरार लागते आणि ते विकतचे आहे. २०२३ मध्ये त्यात गंभीर त्रुटी सापडली. साधी दिसणारी फाइल उघडताच घातक प्रोग्रॅम चालू होत होता. ६.२३ आवृत्तीत ती दुरुस्त झाली, पण विनरार आपोआप अपडेट होत नाही. जुने असेल तर लगेच बदला.

स्कॅन लहान का होत नाही?
जेपीजी फोटो आणि स्कॅन केलेली पीडीएफ आधीच दाबलेली असते. पुन्हा झिप करून फारसा फरक पडत नाही. आकार कमी करायचा तर स्कॅन करतानाच करा : २०० डीपीआय, रंगाची गरज नसेल तर ग्रे. एकच कागद द्यायचा असेल तर सरळ पीडीएफ द्या, झिपच्या भानगडीत पडू नका.

ठेवण्याआधी एवढं करा
- फाइलचे नाव इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत द्या. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नावांचे चौकोन होतात.
- जीमेलवर २५ एमबीची मर्यादा आहे. मोठा गठ्ठा असेल तर विषयवार वेगवेगळ्या झिप करा.
- आधार, बँक पासबुक असे कागद उघड्या लिंकवर नकोत. पासवर्ड लावा आणि तो फोन करून सांगा, फाइलसोबत पाठवू नका. झिपचा जुना पासवर्ड प्रकार कच्चा आहे, सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ निवडा. अशी झिप विंडोजमध्ये थेट उघडेलच असे नाही, ते घेणाऱ्याला आधीच कळवा.
- लिंक टाकण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी साध्या फोनवर उघडून बघा.

आणि घेणाऱ्यांनीही जपा : कागदपत्राच्या नावाखाली एपीके फाइल आली तर ती कागद नसून ॲप आहे. हात लावू नका.