टेन (चित्रपट)

टेन : (१९७९). चाळिशी उलटलेल्या पुरुषाच्या घालमेलीवरचा अमेरिकन प्रणयविनोदी चित्रपट. पटकथा व दिग्दर्शन ब्लेक एडवर्ड्‌स (१९२२–२०१०), संगीत हेन्री मॅन्सिनी. प्रमुख भूमिकांत डडली मूर, ज्यूली अँड्र्यूज आणि बो डेरेक. ऑक्टोबर १९७९ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने एकट्या अमेरिकेत सात कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमवला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनाही त्यातले एक दृश्य ठाऊक असते : केसांच्या बारीक वेण्या घातलेली बो डेरेक समुद्रकिनाऱ्यावरून धावत येते. त्या दृश्याने चित्रपट गाजला आणि लोकांच्या आठवणीत तेवढाच उरला. पण तो आज सलग पाहिला, तर ध्यानात येते की ते धावणे नायकाच्या कल्पनेतले आहे आणि उरलेला चित्रपट त्या कल्पनेची खोड मोडण्याच्या कामाला लागलेला आहे.

कथानक : जॉर्ज वेबर (मूर) हा लॉस अँजेलिसमधला नावाजलेला संगीतकार. पैसा आहे, रोल्स-रॉइस आहे, सॅमँथा (अँड्र्यूज) ही समंजस, तिखट जिभेची गायिका मैत्रीण आहे. बेचाळिसाव्या वाढदिवसाला त्याला न कळवता मेजवानी ठेवली जाते आणि तिथेच त्याचे बिनसते. एके दिवशी सिग्नलला थांबलेला असताना शेजारच्या गाडीत नववधूच्या वेषातली जेनी (डेरेक) दिसते. तो तिच्या मागे निघतो, पोलिसांच्या गाडीवर आदळतो, तरी चर्चपर्यंत पोचतो आणि लग्न चालू असताना नाकात मधमाशी शिरून सर्वांदेखत फजीत होतो. नवे जोडपे मधुचंद्राला मेक्सिकोला गेल्याचे कळल्यावर तोही विमान पकडतो. (तिथली दृश्ये मान्सानीयोजवळच्या लास आदास या हॉटेलात चित्रित झाली आहेत.) तिथे तो जेनीच्या नवऱ्याला समुद्रात वाहून जाताना वाचवतो, आणि उन्हाने भाजलेला नवरा रुग्णालयात पडल्यावर स्वप्नसुंदरी अनायासे त्याच्या खोलीच्या अंतरावर येते.

पार्श्वभूमी : मध्यायुष्यातील पेच ही कल्पना तेव्हा ताजी होती. एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये एका निबंधात ती मांडली. गेल शीही यांच्या ‘पॅसेजेस’ या १९७६ च्या पुस्तकाने ती अमेरिकेत घरोघरी पोचवली. तीन वर्षांनी आलेल्या या चित्रपटात नायकाचा मानसोपचारतज्ज्ञ असणे ओघानेच आले. जेनीला दहापैकी किती गुण, असे तो विचारतो. जॉर्जचे उत्तर : अकरा.

नायकाच्या भूमिकेसाठी आधी जॉर्ज सीगल यांची निवड झाली होती. चित्रीकरण तोंडावर असताना ते बाहेर पडले. मूर (१९३५–२००२) आणि एडवर्ड्‌स यांची ओळख एका सामूहिक मनोपचार गटातली. सीगल उंचापुरा, देखणा. मूर जेमतेम सव्वापाच फूट उंच, जन्मतः पायात व्यंग असलेला. या अदलाबदलीचा चित्रपटाला फायदाच झाला असे म्हणावे लागते. देखण्या पुरुषाने परक्या नववधूचा पाठलाग केला असता तर तो किळसवाणा वाटला असता. मूर तापलेल्या वाळूवरून उड्या मारत निघतो तेव्हा पाठलागाची दहशत उरत नाही, केविलवाणेपण उरते. शिवाय तो खराखुरा वादक होता : ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात ऑर्गनवादनाची शिष्यवृत्ती मिळवलेला आणि पुढे जॅझ पियानोवर हात बसलेला. त्यामुळे पियानोपुढे बसलेल्या जॉर्जच्या बोटांवर कॅमेरा निर्धास्त थांबतो.

विनोदाची जात : ‘पिंक पँथर’ मालिकेच्या आणि ‘द पार्टी’च्या (१९६८) दिग्दर्शकाकडून अंगविक्षेपी विनोदाची अपेक्षा असते, ती इथे पुरी होते. सर्वांत नेमका प्रसंग दाताच्या दवाखान्यातला. जेनीचा बाप दंतवैद्य. मधुचंद्राचा पत्ता काढायला जॉर्ज त्याच्याकडे दात दाखवायला जातो आणि एका बैठकीत सहा दात भरून घेतो. बधिर झालेल्या ओठांतून कॉफी हनुवटीवर ओघळते. तशा तोंडाने तो सॅमँथाला फोन करतो. तिला ते बरळणे ओळखू येत नाही आणि अखेर घरात चोर शिरल्याच्या समजुतीने पोलीस येतात. शरीर ऐकेनासे झाले की माणूस आपल्याच माणसांना परका होतो, हे एडवर्ड्‌स एकही गंभीर वाक्य न लिहिता दाखवतो. मधमाशीचा प्रसंग त्यापुढे अगदीच ठोकळेबाज. पाद्र्याच्या घरातील म्हाताऱ्या मोलकरणीवरचे विनोद तर आज बघवत नाहीत.

पाहणे हा चित्रपटाचा खरा विषय. जॉर्जकडे दुर्बीण आहे. दरीपलीकडच्या शेजाऱ्याच्या घरात चालणारे नागडे सोहळे तो तिच्यातून न्याहाळतो. शेजाऱ्याकडेही दुर्बीण आहे आणि तो याला न्याहाळतो. सॅमँथाला हे ठाऊक आहे. बायकांसाठी वापरलेल्या एका हलक्या शब्दावरून तिची आणि जॉर्जची जुंपते, त्यात तिचीच बाजू वरचढ ठरते. ‘मेरी पॉपिन्स’ आणि ‘साउंड ऑफ म्युझिक’ची सोज्ज्वळ नायिका इथे पुरुषाच्या नजरेचा हिशेब मागते. अँड्र्यूज ही दिग्दर्शकाची बायको होती (विवाह १९६९), हे लक्षात घेतले तर पटकथेतला आत्मपरीक्षणाचा भाग आणखी बोलका होतो.

जेनी बोलू लागते तेव्हा जॉर्जचा मनोरा ढासळतो. ती राव्हेलचे ‘बोलेरो’ लावते, सहज जवळ येते. मधेच रुग्णालयातून नवऱ्याचा फोन येतो आणि ती त्याच्याशीही तितक्याच सहजपणे, काही न लपवता बोलते. जॉर्जला धक्का बसतो. आपल्यासाठी जे आयुष्य उलथवणारे, ते तिच्यासाठी एका संध्याकाळचा विरंगुळा आहे, हे त्याला पचत नाही. नैतिकतेचा झेंडा तो इथे एकदम उभारतो, हा मोठा विनोद आहे. मात्र चित्रपट तो विनोद अर्धवट सोडून जॉर्जच्या बाजूला झुकतो. ही त्यातली मोठी उणीव. बावीस-तेवीस वर्षांच्या जेनीला प्रश्न विचारले जातात, तिला स्वतःला काय हवे याची चौकशी कोणी करत नाही.

दुय्यम पात्रे याहून नीट घडली आहेत. जॉर्जचा गीतकार सहकारी ह्यू (रॉबर्ट वेबर) समलिंगी आहे आणि तरुण जोडीदार सोडून गेल्यावर तो एकटा पडतो. वय वाढण्याची भीती जॉर्जपेक्षा त्याच्या वाट्याला जास्त खरी आली आहे. १९७९ च्या व्यावसायिक चित्रपटात अशा माणसाचे हसे न करणे ही साधी गोष्ट नव्हती. मेक्सिकोतील हॉटेलात भेटलेल्या मेरीबरोबर (डी वॉलेस) जॉर्ज रात्र घालवू पाहतो आणि त्याला जमत नाही. दोष आपलाच असे ती समजते. चित्रपटातला हा सर्वांत दुखरा प्रसंग पोस्टरवर कधीच आला नाही.

परिणाम : मॅन्सिनीच्या संगीताला आणि त्यातील एका गीताला ऑस्कर नामांकने मिळाली, पण फायदा झाला राव्हेलचा. १९२८ च्या ‘बोलेरो’च्या ध्वनिमुद्रिका नव्याने खपू लागल्या. मूर रातोरात नायक झाला आणि ‘आर्थर’साठी (१९८१) त्याला ऑस्कर नामांकन लाभले. बो डेरेकला नवरा जॉन डेरेक याने ‘बोलेरो’ याच नावाच्या चित्रपटात (१९८४) उभे केले. तो समीक्षकांनी धुऊन काढला.

वेण्यांची गोष्ट वेगळ्याच वळणावर गेली. ही केशरचना आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. चित्रपटानंतर ती बो डेरेकच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८१ मध्ये एका विमानकंपनीतील कृष्णवर्णीय कर्मचारी स्त्रीने वेण्यांवरील बंदीविरुद्ध न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दाद मागितली. निकाल तिच्या विरोधात गेला, आणि ही रचना एका गोऱ्या अभिनेत्रीने ‘टेन’मध्ये लोकप्रिय केल्यानंतरच फिर्यादीने ती केली, अशी नोंदही न्यायालयाने त्यात केली.